गुडघाभर उंचीचा फूटपाथ

द्विभाषिक मुंबई राज्य झाले त्याच हिवाळ्यात, कापसाचा हंगाम ऐन भरात असताना, आमच्या गावच्या नगरपालिकेने स्टेशनपासून चौकापर्यंत बांधलेला फूटपाथ उखडून टाकण्याचा ठराव एकमताने मंजूर केला. फूटपाथ पुरा होऊन एकच पावसाळा गेला होता. तो चालण्यासाठी बांधला होता, आणि त्यावर चालता येत नव्हते.

यंदा महाराष्ट्र राज्य झाले. मार्गशीर्ष लागला आहे आणि स्टेशनच्या वाटेवरच्या बाभळींना पुन्हा कापूस आला आहे. गाड्या बाभळींना घासून जातात, काट्यांना पुंजके अडकतात, आणि दोन-तीन दिवसांत ते झाड लांबून फुललेले दिसते. नवा माणूस फसतो. गावचा माणूस त्यावरून एवढेच ओळखतो की आता संक्रांत होईपर्यंत रस्ता आपला नाही.

हा हंगाम डोळ्यांच्या आधी नाकाला कळतो. जिनिंग सुरू झाले की सरकीचा कोमट, तेलकट वास सकाळच्या थंडीत जमिनीलगत पसरून राहतो. चहाच्या कपात तंतू सापडतो. वाळत घातलेल्या काळ्या टोपीवर पांढरी लव बसते. शेतांत वांगी भाजल्याचा धूर दिसतो, भरिताची आमंत्रणे येतात, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा येतो. हे सगळे चांगले आहे आणि दर वर्षी चांगलेच असते. वाईट असतो तो रस्ता. लाकडी चाकांच्या लोखंडी धावा खडीवर घासत जातात तो आवाज दिवसभर दातांत भरल्यासारखा वाटतो. शाळेत शिक्षक फळ्याकडे बोट दाखवून मुकाट्याने उभे राहतात, गाडी पुढे गेली की बोलतात.

गाव जळगावहून नरडाण्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर आहे. पूर्व खानदेश संपून पश्चिम खानदेश लागतो त्या शिवेजवळ. अमळनेरपेक्षा लहान, पण स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत झपाट्याने वाढलेले. निर्वासितांची दुकाने आली, एसटीचा थांबा आला, दोन नवे जिन आले, मुलींची शाळा सातवीच्या पुढे गेली. रस्ता मात्र एकच राहिला. स्टेशनवर उतरलेला माणूस, जिनमध्ये जाणारा कापूस, शाळेत जाणाऱ्या मुली, एसटी आणि सकाळी चरायला निघालेल्या म्हशी, सगळे त्याच रस्त्याने जात. दुकानांचे ओटे पुढे आलेले, ओट्यांपुढे ताडपत्री, ताडपत्रीपुढे सायकली. पायी माणसाला उरलेली जागा म्हणजे दोन गाड्यांमधली फट.

मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका या रस्त्याने रोज येत-जात. त्यांना सगळे गाव अक्का म्हणे, नगराध्यक्षही म्हणत. त्या स्टेशनकडच्या चाळीत एकट्या राहत. शाळा चौकात. एका हंगामात गाडीच्या धक्क्याने त्या पडल्या आणि खुबा दुखावला. तेव्हापासून हातात काठी आली. जळगावला त्यांचा भाचा होता. तो दर सुट्टीला येऊन म्हणे, "अक्का, चल आता माझ्याकडे." त्यांचे उत्तर ठरलेले होते. "शाळेपर्यंत चालत जाता येतंय तोवर मी इथे." हंगामात टांगा त्या रस्त्यावर शिरत नसे. म्हणून प्रश्न साधा होता. रस्त्यावर चालता आले तर अक्का गावात राहणार होत्या. नाही आले तर जाणार होत्या.

फूटपाथाची मागणी त्यांनी केली. वैशाखात, शाळेला सुट्टी असताना, शाळेच्याच मोठ्या खोलीत जाहीर सभा झाली. मी तेव्हा गावातल्या साप्ताहिकासाठी सभांच्या बातम्या लिहीत असे, आणि ही सभा त्या वर्षातली सर्वांत आशेची होती. नगराध्यक्ष नाना कापडाचे व्यापारी. ते उभे राहून म्हणाले, "स्टेशनवर उतरल्या माणसाला वाटलं पाहिजे की हे गाव आपली वाट पाहत होतं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आराखडा भिंतीवर टांगला होता. दोन्ही बाजूंना फूटपाथ, कडेने कडुलिंब, मध्ये दोन पाणपोया, बसायला दगडी बाक. आणि आराखड्याचा दुसरा भाग: कापसाच्या गाड्यांसाठी नाल्याच्या कडेने वेगळा रस्ता, गावाच्या मागून थेट बाजार आवारात.

त्याआधी नगरपालिकेचे सभासद धुळे आणि जळगाव पाहून आले होते. धुळ्याच्या गल्ल्या सरळ आहेत, असे त्यांनी येऊन सांगितले. जळगावच्या स्टेशनाबाहेर गर्दी फार आहे, असेही सांगितले. दोन्ही गोष्टी एसटीत न बसताही सांगता आल्या असत्या.

त्या सभेत वाद झाला तो फक्त उंचीवर. पुण्याहून आलेल्या ओव्हरसियरने फूटपाथ वीतभर उंच दाखवला होता. अक्का काठीवर भार देऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, तुम्ही हंगामात इथे आलात का?"

"नाही बाई. मला चैत्रात नेमलं."

"मग ऐका. वीतभरावर चाक चढतं. आमच्याकडे चाक ओट्यावर चढतं, पायरीवर चढतं, माणसाच्या पायावर चढतं. चाक चढणार नाही एवढा उंच करा. गुडघाभर."

ज्येष्ठ सभासद आबा मागच्या बाकावरून म्हणाले, "अक्का बरोबर बोलतात. मी स्वतः चाक चढवलेलं आहे."

लोक हसले. ओव्हरसियरने पेन्सिलीने आकडा खोडून नवा लिहिला. दोन्ही टोकांना आणि प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी उतार ठेवायचे ठरले, म्हणजे काठीवाल्याला चढता येईल. सभेतल्या बहुतेकांच्या घरी गाडी-बैल होते. निम्मे जण त्या दिवशीही बैलगाडीतूनच आले होते. गाड्या बाहेर शाळेच्या भिंतीला जू टेकवून उभ्या होत्या. सभेतून बाहेर पडताना सगळ्यांनी त्या पाहिल्या.

काम दुसऱ्या वर्षी झाले. पहिला भाग झाला. दुसरा भाग, नाल्याकडचा गाडीरस्ता, आबांच्या शेताच्या बांधावरून जाणार होता. आबांची हरकत नव्हती. त्यांनी फक्त कपाशी निघू द्या म्हटले. मग हरभरा निघू द्या म्हटले. मग उन्हाळी भुईमूग होता. पिके येत राहिली, निघत राहिली. त्या रस्त्यासाठी टाकलेल्या खडीच्या ढिगावर गवत उगवले आणि शेळ्यांची सोय झाली.

तरीही एक पावसाळा तो फूटपाथ होता. हे लिहून ठेवायला हवे, कारण आता कोणी मानत नाही. खाली रस्त्यावर काळा चिखल, आणि वर दगड धुऊन स्वच्छ. शाळेच्या मुली दप्तर डोक्यावर धरून रांगेत चालत आणि घसरत नसत. संध्याकाळी माणसे काही काम नसताना स्टेशनपर्यंत जात, गाडी आलेली पाहत आणि परत येत. आमच्या गावात विनाकारण चालण्याची पद्धत नव्हती, भेटणारा विचारत असे, "कुठे निघालात?" त्या पावसाळ्यात लोक "कुठे नाही" असे उत्तर देऊ लागले होते. बायका बाकावर बसू लागल्या. कडुलिंबाची रोपे गुडघ्याच्या वर आली. अक्का सकाळी छत्री आणि काठी एकाच हातात धरून जात, दुसरा हात मोकळा ठेवत. रस्त्यावरच्या माणसापेक्षा त्या उंच दिसत. कोणी नमस्कार केला तर थांबून बोलत. पूर्वी त्या रस्त्यात कधी थांबत नसत, कारण थांबायला जागाच नव्हती.

त्या हंगामातली पहिली गाडी दसऱ्यानंतर आली. गाडीवान सुपडू, तापीकडच्या एका खेड्यातला. दर वर्षी सगळ्यांच्या आधी कापूस आणण्यात त्याला मान वाटे. त्याने गाडी फूटपाथाशी आडवी आणली, बैल सोडले आणि जू अलगद दगडावर ठेवले. ते बसले. बैल सोडल्यावर भरली गाडी पुढे कलते, म्हणून गाडीवान जू बांधलेल्या लांब धुरीखाली लाकडी टेकू लावतो. पण खडीवर टेकू सरकतो आणि मग माणसाला धुरी धरून उभे राहावे लागते. इथे टेकूच लागला नाही. गुडघाभर उंचीवर जू नेमके बसले, ओझे सपाट राहिले. सुपडूने बैल चाकाला बांधले, त्यांच्यापुढे कडबा टाकला, फूटपाथावर घोंगडी अंथरली आणि भाकरी सोडली.

शाळेला निघालेल्या अक्का तिथे येऊन थांबल्या.

"गाडी इथे का लावली?"

"अक्का, पालिकानी आमनासाठे ओटा बांधा ना!" सुपडू खूश होता. "काय बराबर उंची धरी शे! गाडी हालत नही, डुलत नही. बैलस्ना मानले आराम. बांधनाराना भलं होवो."

"अरे, हा चालायला बांधलाय."

सुपडूने डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. "चालाले बठ्ठा रस्ता शे ना, अक्का. चालाले कोनी दगड बांधस का?"

अक्कांनी काठीचे टोक जुवावर टेकवले. सुपडूला वाईट वाटले असावे. त्याने दोन्ही हातांनी जू उचलून धरले. "जा, अक्का. नही ते बसा गाडीवर. शाळालगून सोडी देस."

"मी माल नाही, सुपडू. मी माझ्या पायांनी जाईन."

त्या जुवाखालून वाकून गेल्या. त्या दिवशी एकच गाडी होती.

दिवाळी झाल्यावर दोन्ही बाजूंना स्टेशनपासून चौकापर्यंत गाड्या लागल्या. प्रत्येक जू फूटपाथावर, प्रत्येक धुरी आडवी. रोपांच्या कठड्यांना दोर बांधले गेले. जी रोपे दोराने मोडली नाहीत ती बैलांनी खाल्ली. मग दलाल आले. आवारात त्यांना गाडीवर चढून कापसात हात घालावा लागे. इथे फूटपाथावर उभे राहिले की ओझे छातीच्या उंचीवर येई. ते एका टोकाने सुरू करून चालत जात, कोपरापर्यंत हात खुपसत, मूठ बाहेर काढून उजेडात तंतू ओढून पाहत, आणि भाव बोलत. आठवडाभरात लिलाव आवारातून रस्त्यावर आला. कापडवाल्यांनी गाद्या बाहेर टाकल्या, कारण कापूस विकलेला माणूस समोरच उतरत होता. पाणपोयांवर बैल पाणी पीत. दगडी बाकांवर मापारी बसले. स्वागताचा जो आराखडा वैशाखात भिंतीवर टांगला होता तो आता तंतोतंत अमलात आला होता. स्वागत मात्र गाड्यांचे होत होते.

आणि माणसे रस्त्यावर उतरली. रस्ता पूर्वीपेक्षा अरुंद झाला होता, कारण दोन्हीकडून फूटपाथाने आणि गाड्यांनी तो खाल्ला होता. मधून ट्रक आणि एसटी जात. शाळेच्या मुली आता गाड्यांच्या मागून, बैलांच्या शेपटांजवळून जात आणि घरी गेल्यावर परकर धुवायला टाकत. अक्का पहिले काही दिवस प्रत्येक गाडीपाशी थांबून "जू उचला" म्हणत. गाडीवान उचलत. कोणी नाही म्हटले नाही. खानदेशात शिक्षिकेला कोणी नाही म्हणत नाही. पण रस्ताभर जुवांखाली वाकणे त्यांच्या खुब्याला झेपेना. त्या खाली उतरल्या. मार्गशीर्षात एका सकाळी चौकाजवळ त्यांची काठी एका चाकाखाली गेली. धावेने ती दोन तुकडे केली. अक्का गाडीला धरून उभ्या राहिल्या म्हणून पडल्या नाहीत. त्या दिवशी त्यांना शाळेतल्या दोघींनी हात धरून घरी पोचवले. संध्याकाळी शाळेच्या चालकांनी निरोप पाठवला की हंगाम संपेपर्यंत त्यांनी विश्रांती घ्यावी. दुसऱ्या बाईंकडे काम तात्पुरते देता येईल. निरोप आदराचा होता.

त्यानंतर आठवड्याच्या आत नगरपालिकेची ती सभा भरली. अक्का नवी काठी घेऊन आल्या होत्या. त्यांना बोलू दिले, हेही नोंदवायला हवे.

त्या म्हणाल्या, "फूटपाथ उखडू नका. वरचे दोन थर काढा. वीतभर ठेवा. जू टेकणार नाही, गाड्या आपोआप जातील. आणि नाल्याकडचा रस्ता करा."

आबा वळून बसले. "अक्का, वीतभर तर तो साहेबच म्हणत होता. गुडघाभर कोणी मागितला?"

"मी मागितला."

"मग?"

"मग मी चुकले. तुम्हीही मान डोलावली होती. चूक उंचीत आहे, फूटपाथात नाही."

"वीतभरावर चाक चढतं, असं कोण म्हणालं होतं?"

"चढेल. पण चाक चढून पुढे जातं, आबा. जू दिवसभर बसून राहतं."

कोणीतरी मागून म्हणाले, "बाई, हे पाटीवरचं गणित नाही, पुसून पुन्हा करायला." खोलीत हशा झाला. अक्का त्या दिशेने पाहत राहिल्या. तो त्यांच्याच शाळेतल्या एका मुलीचा बाप होता.

मग एकेक जण बोलला. बाजार आवारातल्या अडत्यांची तक्रार होती की लिलाव बाहेर गेला. ट्रकवाल्यांची तक्रार होती की वळता येत नाही. आतल्या गल्लीतल्या दुकानदारांची तक्रार होती की गिऱ्हाईक बाहेरच्या बाहेर जाते. पायी चालणाऱ्यांच्या वतीने फक्त अक्का बोलल्या, आणि त्यांची मागणी फूटपाथ ठेवा अशी होती. नानांनी सगळ्यांचे ऐकून घेतले. "सगळ्यांची गैरसोय होते आहे," ते म्हणाले, "म्हणजे सगळ्यांचं एकमत आहे." उंची कमी करायची तर नवा आराखडा, नवी मंजुरी, पुन्हा ओव्हरसियर. उखडायला मजूर पुरेत. अक्का नगरपालिकेच्या सभासद नव्हत्या. त्यामुळे ठराव एकमताने मंजूर झाला असे लिहिता आले, आणि साप्ताहिकातही ते तसेच छापले गेले.

उखडण्याचे काम हंगाम संपायच्या आत झाले. दगड चांगले होते, वाया घालवायचे कशाला, असे ठरले. ते बाजार आवारात नेऊन तिथे भिंतीच्या कडेने एक लांब ओटा बांधला. गुडघाभर उंचीचा. गाड्या आवारात परत गेल्या, लिलाव परत गेला. गाडीवानांना कसलीच तक्रार उरली नाही. सुपडू भेटला तेव्हा म्हणाला, "आते ठिकानवर बांधा. पहिले चुकीन तठे बांधेल व्हता."

त्याचे म्हणणे पूर्ण चुकीचे होते असे म्हणता येत नाही. हाच सगळ्यात मोठा त्रास आहे. या प्रकरणात एकही माणूस वाईट वागला नाही. नाना खोटे बोलले नाहीत. आबांच्या शेतात खरोखर पीक होते. ओव्हरसियरने सांगितले ते लिहिले. गाडीवानांनी जू उचलून वाट दिली. आणि सगळ्यांनी मिळून गावातला चालण्याचा एकमेव रस्ता उचलून गाड्यांना दिला. जन्मभर गाडीत बसलेल्या गावाने फूटपाथाची उंची ठरवताना चाकाचा विचार केला, कारण चाकाची भीती होती. जुवाचा केला नाही, कारण जू टेकवायला जागा शोधणे हे श्वास घेण्यासारखे होते, त्याचा कोणी वेगळा विचार करीत नाही. शहर व्हायचे तर गावाने स्वतःला एकदा बाहेरून पाहावे लागते. ते पाहायला आमचे सभासद धुळ्याला गेले होते.

अक्का त्या वर्षीच्या वार्षिक परीक्षेपर्यंत राहिल्या. चैत्रात भाचा आला. सामान थोडे होते. स्टेशनवर बरीच माणसे पोचवायला आली होती. नानाही आले होते, आणि त्यांनी हार घातला. गाडी सुटेपर्यंत अक्का खिडकीतून रस्त्याकडे पाहत होत्या. दगड काढलेल्या जागी दोन्ही बाजूंना लांब चर राहिले होते. पावसाळ्यात त्यांत पाणी साचले. पुढच्या उन्हाळ्यात ते मातीने भरून घेतले. त्यावर आता पुन्हा दुकानांचे ओटे आले आहेत.

यंदा पुन्हा आराखडा झाला आहे. नवे राज्य, नवा उत्साह, नवे ओव्हरसियर. त्यात फूटपाथ आहे, कडुलिंब आहेत, पाणपोया आहेत. नाल्याकडचा गाडीरस्ताही आहे. आबांच्या मुलांची त्याला हरकत नाही. स्टेशनपासून चौकापर्यंत मोजणी झाली तेव्हा रस्ता मोकळा होता आणि फीत सरळ धरता आली. मोजणी वैशाखात झाली.

गेल्या आठवड्यात मुलींच्या शाळेच्या नव्या खोल्यांचे उद्घाटन होते. अक्कांना बोलावले होते. त्या जळगावहून सकाळच्या गाडीने आल्या. सोबत भाचा होता. स्टेशनबाहेर टांगा नव्हता, हंगामात नसतो. रस्ता गाड्यांनी भरलेला होता. त्या काठी टेकून थोड्या चालल्या, मग थांबल्या. सुपडूची गाडी बाजार आवाराकडे निघाली होती. त्याने ती थांबवली आणि खाली उतरला. अक्कांनी काठी भाच्याच्या हातात दिली. दोघांनी मिळून त्यांना वर चढवले. शाळा चौकात, आवाराच्या अलीकडे लागते. तिथपर्यंत त्या कापसावर बसून गेल्या.